चाकांचा कूलर बॉक्स: नेण्याआधी लोक आम्हाला जे जे विचारतात ते सगळं

आम्ही ठाण्यात तंबू, फोल्डिंग खुर्च्या, बार्बेक्यूच्या शेगड्या आणि चाकांचे कूलर बॉक्स भाड्याने देतो. शुक्रवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात फोनवर तेच ते प्रश्न येतात आणि तेव्हा आम्ही काउंटरवर बॉक्स मोजून देत असतो, त्यामुळे धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकलंय. लांब झालंय, पण प्रश्न क्रमाने वाचलेच पाहिजेत असं काही नाही, फक्त आदल्या दिवशीच्या तयारीचा प्रश्न तेवढा सोडू नका.

हा कूलर चालतो कशावर? चार्जिंग करायचं असतं का?

कशावरच चालत नाही. हा पंख्याचा कूलर नाही आणि फ्रीजही नाही. प्लास्टिकच्या दोन भिंती, मध्ये फोम, वर झाकण, खाली पाणी सोडायचं बूच, एका बाजूला दोन चाकं आणि ओढायचा दांडा, बस एवढंच. हा बॉक्स काही थंड करत नाही, आत घातलेला गारवा धरून ठेवतो. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. रविवारी रात्री "तुमचा बॉक्स कामच करत नाही हो" असे जे फोन येतात त्यातल्या बहुतेकांनी दुकानातून घेतलेल्या गरम बाटल्या आणि पेट्रोल पंपाजवळ मिळालेली बर्फाची एक पिशवी भरलेली असते.

बर्फ किती तास टिकतो?

भिंतीत फोम किती जाड आहे त्यावर. साधारण हिशोब सांगतो, ४५ लिटरचा बॉक्स, भिंतीत अडीच सेंटीमीटर फोम, बाहेर ३३-३४ अंश म्हणजे आपला मे महिन्यातला कोकण किनारा, तर झाकण बंद ठेवूनसुद्धा तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. फोम चार सेंटीमीटर असेल तर तेच २०० ग्रॅमवर येतं. हे सावलीतलं. उन्हात ठेवलात, किंवा पार्किंगमध्ये बंद गाडीत ठेवलात जिथे ५० अंशाच्या वर पारा सहज जातो, तर हा हिशोब विसरा. आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन "आत अजून काय आहे" म्हणून झाकण उघडून बघत उभा राहणार असेल तरी विसरा.

झाकणात फोम आहे का ते मात्र नक्की बघा. स्वस्तातल्या बऱ्याच बॉक्सना भिंतीत फोम असतो आणि झाकण पोकळ असतं, टिचकी मारून बघितलं की रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो.

फोम नव्हता तेव्हा लोक काय करायचे हाही मजेशीर विषय आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याला जहाजातून बर्फ पाठवला होता, गोठलेल्या तळ्यातला कापलेला बर्फ, चार महिन्यांचा प्रवास, आणि १८० टनांतला साधारण १०० टन शाबूत पोचला. युक्ती काय तर लाकडाचा भुसा. आपल्याकडे बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो ती तीच युक्ती आहे.

दहा माणसं आहोत, सकाळी निघून रात्री परत. बर्फ किती घेऊ?

आधी एक आकडा लक्षात ठेवा. लिटरभर पाण्याची बाटली घरातल्या ३० अंशावरून प्यायच्या ५ अंशावर आणायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो आणि लिटरभर पाणी एका अंशाने थंड व्हायला ४.२ किलोज्यूल लागतात, ज्याला करायचंय त्याने कॅल्क्युलेटरवर करून बघावं. म्हणजे बारा बाटल्या गरम भरल्या तर पावणेचार किलो बर्फ नुसता त्या गार करण्यात संपला, तुमची गाडी अजून वडखळच्या ट्रॅफिकमध्येच असताना.

त्याच बारा बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून भरल्या तर तो पावणेचार किलो बर्फ वाचतो आणि फक्त भिंतीतून येणाऱ्या उष्णतेशी भांडत बसतो. त्यामुळे दहा माणसांना एका दिवसासाठी, सगळं आधीच गार असेल तर सहा-सात किलो पुरतो, गरम भरणार असाल तर दहा-अकरा किलोच्या खाली जाऊ नका. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशीचा बर्फ तिथेच घ्या, इथून नेलेला दोन दिवस पुरवायचा हट्ट करू नका.

आदल्या दिवशी नक्की काय काय करायचं?

यावरच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉक्स आमच्याकडून शुक्रवारी नेला की तो गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका, घरात आणा. डिकीत तापलेल्या बॉक्सच्या भिंतीच इतक्या गरम असतात की पहिला दोन किलो बर्फ त्याच गिळतात. रात्री झोपताना आत थंड पाण्याच्या दोन-तीन बाटल्या नाहीतर थोडा बर्फ टाकून झाकण लावून ठेवा, सकाळी ते काढून खरा माल भरा. आमची आई म्हणायची इडलीचं पीठ रात्रीच भिजवावं लागतं, सकाळी घाई करून काही होत नाही, तसंच आहे हे.

दुसरं, रिकाम्या बाटल्यांमध्ये पाणी भरून फ्रीझरला लावा. गळ्यापर्यंत भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बाटली फुटते किंवा बूड बाहेर येऊन ती उभीच राहत नाही. दोन लिटरची बाटली घरच्या फ्रीझरमध्ये पूर्ण दगड व्हायला चोवीस तास धरा. रात्री अकराला लावून सकाळी पाचला काढली तर बाहेरून पांढरी दिसते आणि आत पाणी डुचमळतं. म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं असेल तर गुरुवारी रात्रीच लावा.

तिसरं, जे जे न्यायचंय, ताक, कोकम सरबताचा पाक, कलिंगडाच्या फोडी, उकडलेली अंडी, ते सगळं आधी फ्रीजमध्ये. कलिंगड अख्खं नेऊ नका, अर्धा बॉक्स तेच खातं.

बर्फ कुठे मिळतो? आणि तो निळा बर्फ काय प्रकार आहे?

मासळी बाजाराच्या आसपास, बंदरांवर, आणि बऱ्याच शहरांत बर्फाच्या कारखान्याबाहेर थेट मिळतो. लादी मिळते, सांगितलं तर फोडून देतात.

निळा दिसला तर तो पोटात घालायचा नाही. महाराष्ट्रात २०१८ साली एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा बनवायचा नियम केला, कारण कारखान्यातला मासे ठेवायचा बर्फ सरळ सरबताच्या ग्लासात जात होता. बंद बाटल्यांच्या बाजूला किंवा माशांसाठी तो चालतो, ग्लासात मात्र नाही. आणि खरं सांगायचं तर पांढरा असला तरी कुठल्या पाण्याचा आहे हे तुम्हाला दिसत नाही, त्यामुळे ग्लासात टाकायचे क्यूब घरचेच न्या, वेगळ्या डब्यात.

लादी घेऊ, क्यूब घेऊ की गोठवलेल्या बाटल्या?

मोठा तुकडा हळू वितळतो, चुरा पटकन वितळतो पण बाटलीला चारी बाजूंनी चिकटून पटकन गारही करतो. आम्ही सांगतो की तळाला गोठवलेल्या बाटल्या किंवा लादीचे मोठे तुकडे, आणि वरून थोडा फोडलेला बर्फ. नुसत्या बाटल्यांवरही एका दिवसाची सहल निभते, शिवाय संध्याकाळी तेच पाणी प्यायला मिळतं आणि बॉक्समध्ये तळं साचत नाही. जेल पॅकही चालतात, फक्त घरच्या फ्रीझरमध्ये आईस्क्रीम आणि मटार असताना ते ठेवणार कुठे हा प्रश्न असतो.

भरायचं कसं?

जे शेवटी लागणार ते तळाशी, जे पहिल्यांदा लागणार ते वर. बर्फ खाली आणि वर दोन्हीकडे हवा, थंड हवा खाली उतरते, नुसता तळाला बर्फ घातला तर वरचा थर कोमटच राहतो. मधल्या मोकळ्या जागेत जुना टॉवेल कोंबा, मोकळी जागा म्हणजे गरम हवा, आणि झाकण उघडलं की ती बदलून नवीन गरम हवा आत येते.

ब्रेड, सँडविच, बटाट्याची भाजी, चटणी हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि वरच्या ट्रेमध्ये. पिशवीची गाठ मारून ठेवलेली हिरवी चटणी बर्फाच्या पाण्यात उतरली की काय होतं हे आमच्या घरच्या सहलीत बघितलंय, बारा बाटल्या धणेपुदिन्याच्या वासाच्या आणि वहिनीने अलिबाग येईपर्यंत कोणाशी शब्द काढला नाही, कारण पिशवी मी बांधली होती.

वितळलेलं पाणी मधेमधे सोडायचं का?

बाटल्या आणि कॅन असतील तर नका सोडू. ते पाणी बर्फाइतकंच गार असतं आणि बाटलीला हवेपेक्षा जास्त चांगलं गार ठेवतं. पाणी सोडलं की तेवढी जागा गरम हवा घेते. उलट मासे किंवा कच्चं चिकन असेल तर सोडायचंच, त्या पाण्यात ते डुंबत राहिलं तर चवही जाते आणि टिकतही नाही. आणि बूच उघडायच्या आधी बॉक्स कुठे उभा आहे ते बघा, गाडीत बूच सैल झाल्याचे किस्से आमच्याकडे भरपूर आहेत. बूच हाताने पिळून बघा, आतली रबराची चकती जागेवर आहे ना ते बघा, मग भरा.

वाळूत चाकं चालतात का? खरं सांगा.

खरं सांगतो, कोरड्या मऊ वाळूत नाही चालत. ही चाकं पार्किंग, जेट्टी, फरशी, डांबरी रस्ता यासाठी आहेत. जाहिरातीतल्या फोटोत एक बाई एका हाताने बॉक्स ओढत हसत समुद्राकडे चाललेली असते, तो बॉक्स रिकामा असतो.

भरलेला ४५ लिटरचा बॉक्स पंचवीस किलोच्या वर जातो, चाकं असतात बोटभर रुंदीची आणि कडक प्लास्टिकची, ती वाळूत रुतणारच. काशीदला आम्ही पहिल्यांदा नेला तेव्हा मे महिना होता, दुपारचे साडेबारा. माझा मेहुणा व्यायामशाळेत जाणारा, म्हणाला मी एकटा नेतो. सुरूची झाडं संपली आणि पांढरी वाळू सुरू झाली तशी दहा पावलांत चाकं फिरायची थांबली, नुसती घासत होती, मागे नांगराच्या तासासारख्या दोन रेघा, सुरूच्या सुया चाकाच्या दांड्याला गुंडाळलेल्या, पायाखालची वाळू चटके देत होती. तो चप्पल गाडीत ठेवून आला होता. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून पालखीसारखा नेला आणि बाजूची पोरं "मोरया" म्हणाली.

मग करायचं काय? एक, ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या ओल्या वाळूवर चाकं चांगली चालतात, तिथे वाळू घट्ट असते. मऊ पट्टा तेवढा उचलून पार करा आणि पुढे ओढा. ओहोटी कधी ते काढायला आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे षष्ठीला साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि सहा तास मागे-पुढे गेलात की ओहोटी, म्हणजे साडेदहाला. मिनिटावर नाही जुळत पण सहल ठरवायला पुरतो. दोन, मऊ वाळूत बॉक्स ढकलू नका, पाठ समुद्राकडे करून ओढा, ढकलला की पुढची कड वाळूत खुपसते. तीन, रुंद फुग्याच्या टायरची घडीची गाडी मिळते, तिच्यावर बॉक्स ठेवून न्या. चार, सोपं आहे, बॉक्स झाडाखालीच ठेवा आणि लागेल तशा बाटल्या पिशवीतून न्या. आम्ही आता हेच करतो.

मग गाडीच वाळूत नेली तर?

नका हो. दर सुट्टीला किनाऱ्यावर एखादी गाडी रुतलेली असते आणि मालक भरतीकडे बघत उभा असतो. एका कूलरपायी गाडी खाऱ्या पाण्यात घालू नका, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदीही असते.

किती लिटरचा घेऊ?

चौघांना दिवसभरासाठी २५ ते ३० लिटर, आठ-दहा जणांना ४५ ते ५०. त्यावर नको. साठ-सत्तर लिटरचे आहेत आमच्याकडे, लग्नाच्या हळदीला आणि क्रिकेट टुर्नामेंटला जातात, जिथे टेम्पोतून उतरवून एका जागी ठेवायचे असतात. सहलीला एक मोठा नेण्यापेक्षा दोन छोटे न्या, एक पेयांचा आणि एक जेवणाचा. पेयांचा दिवसभरात पन्नास वेळा उघडतो, जेवणाचा दोनदा. हा एवढा फरक केला तरी जेवणाच्या बॉक्समधला बर्फ संध्याकाळपर्यंत दिसतो.

आमच्या होमस्टेला पाखाडी आहे, वर चढवता येईल का?

जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर चाकांचा काडीचा उपयोग नाही. दोन बाजूंना हाताला धरायच्या खाचा असलेला बॉक्स मागून घ्या आणि दोघांनी उचला. ओढायच्या लांब दांड्याला धरून बॉक्स कधीही उचलू नका, तो दांडा ओढण्यासाठी आहे, उचलण्यासाठी नाही. आमच्याकडे तुटून आलेल्या दहा दांड्यांपैकी नऊ पायरीवर नाहीतर डिकीत चढवताना तुटलेले असतात. गुळगुळीत पायऱ्यांवर एक एक पायरी आपटत नेला तरी चाकाचा दांडा वाकतो.

मांडव्याला बोटीने जातोय, चालेल का? आणि ट्रेनने?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, गाडीसकट जाता येतं, तासाभराचा प्रवास, तेव्हा बॉक्स गाडीतच राहू दे. गाडी न घेता जाणार असाल तर जेट्टी लांब आहे, तिथे चाकांचे पैसे वसूल होतात.

ट्रेनमध्ये स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान फुकट आहे, वजनाचा प्रश्न येत नाही. मापाचा येतो. रेल्वेचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर आणि आपला बॉक्स उंचीला त्यापेक्षा जास्तच असतो, सीटखाली सरकत नाही, पॅसेजमध्ये ठेवला की येणारा-जाणारा ठेचकाळतो. ट्रेनला छोटा न्या किंवा बर्थखाली जाणारी इन्सुलेटेड बॅग न्या. बूच घट्ट आहे ना हे इथे तीनदा बघा, तुमचं पाणी दुसऱ्याच्या चपलांखाली गेलं की कणकवलीपर्यंत ऐकावं लागतं.

बॉक्सला बाहेरून पाणी सुटतंय, गळतोय का?

बुचाच्या आसपासच ओलं असेल तर गळतोय. सगळीकडे बारीक थेंब असतील तर तो घाम आहे, दमट हवेतलं पाणी थंड पृष्ठभागावर जमतं, कोकणात होतंच. पण भिंतीला एकाच ठिकाणी खूप घाम येत असेल तर तिथला फोम बसलाय किंवा पोकळी आहे, परत देताना आम्हाला सांगा, पैसे कापणार नाही.

आईस्क्रीम नेता येईल का?

साध्या बर्फात नाही. बर्फ वितळताना शून्य अंशावर राहतो आणि आईस्क्रीमला उणे १८ च्या आसपास लागतं, दीड तासात त्याचं मिल्कशेक होतं. कुल्फीवाला मटक्यात बर्फावर जाडं मीठ टाकतो ते उगाच नाही, मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली, उणे वीसच्या आसपासपर्यंत उतरू शकतो. तुम्हीही करू शकता, फक्त त्यासाठी वेगळा छोटा डबा घ्या, मिठाचा बर्फ कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना लागला तर त्या गोठून फुटतात. आमचा सल्ला विचाराल तर हाताने फिरवायचं आईस्क्रीमचं पॉट घेऊन जा, दूध आणि आंब्याचा रस घरून, बर्फ-मीठ तिथे, पोरांना फिरवायला लावा. अर्धा तास शांतता मिळते.

ड्राय आईस टाकला तर?

टाकू नका. तो उणे ७८ अंशाचा असतो, उघड्या हाताने धरला की कातडी भाजते, आणि वितळून पाणी होत नाही, कार्बन डायऑक्साइड वायू होतो. एसी लावून काचा बंद केलेल्या गाडीत तो वायू साठतो. झाकण घट्ट लावलं तर आत दाब वाढतो. आमच्या बॉक्समध्ये ड्राय आईसला बंदी आहे.

चिकन मॅरिनेट करून न्यायचंय, चालेल?

चालेल, पण आदल्या रात्री फ्रीझरमध्ये घट्ट गोठवून, दोन पिशव्यांत, बॉक्सच्या तळाला आणि शक्यतो वेगळ्या बॉक्समध्ये. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात, म्हणून नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. किनाऱ्यावर दुपारी ती एक तासवालीच वेळ असते. बर्फ संपला आणि पाणी कोमट लागलं तर ते चिकन शेगडीवर घालू नका, वास बरा येत असला तरी. दह्यातल्या कोशिंबिरीचं पण तेच, लोक चिकनला घाबरतात आणि कोशिंबीर उन्हात ठेवतात.

येताना मासे आणायचेत.

हाच तर खरा उपयोग. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघून लोक सुरमई, पापलेट घेतात आणि मग पिशवीत घालून दापोलीवरून ठाण्यापर्यंत एसीच्या भरवशावर आणतात, अरेरे. मासे तिथेच पोट आणि कल्ले काढून साफ करून घ्या. जितके किलो मासे तितके किलो बर्फ, फोडलेला, एक थर बर्फ, एक थर मासे, वर परत बर्फ. बूच किंचित सैल ठेवून खाली थाळी, म्हणजे रक्ताचं पाणी निघून जातं. तिसऱ्या (शिंपल्या) आणि खेकडे जिवंत असतील तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, ओल्या गोणपाटात गुंडाळून वरच्या बाजूला ठेवा.

मासे आणणार असाल तर नेतानाच सांगा, त्यासाठी वेगळे बॉक्स आहेत, झाकणावर लाल पट्टी असलेले. पेयांच्या बॉक्समध्ये आणलेली सुरमई पुढच्या गिऱ्हाइकाच्या पन्ह्याला लागते.

हापूसची पेटी आणताना कूलरमध्ये ठेवू का?

नको. कच्चा किंवा अर्धवट पिकलेला आंबा बर्फाजवळ ठेवला तर साल काळी पडते आणि तो नीट पिकत नाही. पेंढ्यातच राहू दे. पिकलेला खायच्या आधी तासभर गार केला तर ठीक.

वडिलांचं इन्सुलिन यात ठेवता येईल का?

ठेवता येतं, पण ते २ ते ८ अंशात हवं आणि गोठलं तर वाया गेलं, बर्फाला थेट लागू देऊ नका. छोट्या डब्यात, कापडात गुंडाळून, वरच्या ट्रेमध्ये. पेयांच्या बॉक्समध्ये तर नकोच, तिथे सारखा हात जातो. यासाठी छोटे वेगळे पाऊच मिळतात तेच बरे, आणि बाकी डॉक्टरांना विचारा.

गाडीच्या सॉकेटवर चालणारा कूलर जास्त चांगला नाही का?

दोन प्रकार आहेत. स्वस्तातला असतो तो बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश खाली नेतो, म्हणजे गाडीत ४० असेल तर आत २०-२५, त्याला गार म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. शिवाय इंजिन बंद करून रात्रभर लावून ठेवला तर सकाळी गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. दुसरा कॉम्प्रेसरवाला, तो खरोखरचा छोटा फ्रीज आहे, बर्फ पण बनवतो, महाग आणि जड. महिना महिना गाडीतून फिरणाऱ्यांना तो ठीक. एका दिवसाच्या सहलीला बर्फच स्वस्त.

गोव्याला बिअर भरून किनाऱ्यावर नेली तर चालते ना?

नाही चालत. गोव्यात २०१९ साली कायदा कडक केला, किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं याला एकट्याला २,००० रुपये आणि ग्रुपला १०,००० रुपये दंड ठेवला होता, पुढे तो आणखी वाढवलाय. कूलर न्यायला कोणी अडवत नाही, आत काय आहे आणि रिकामी बाटली कुठे जाते त्याचा प्रश्न आहे. कुठल्याही किनाऱ्यावर काचेची बाटली नकोच, वाळूतली काच दिसत नाही.

झाकणावर बसलं तर चालेल का?

लहान मूल चालेल. ऐंशी किलोचे काका नाही. झाकण वाकलं की कडेची फट राहते आणि मग फोम कितीही जाड असला तरी उपयोग शून्य. फोल्डिंग खुर्च्याही आमच्याकडेच मिळतात, सांगून ठेवतो.

लहान मुलं आहेत, काही काळजी?

एकच, पण मोठी. मोठ्या बॉक्समध्ये मूल मावतं, क्लिप बाहेरून बसते आणि आतून उघडत नाही, हवाही जात नाही. रिकामा झालेला बॉक्स उघडा किंवा पालथा ठेवा, लपाछपी चालू असेल तर नक्कीच.

यात गरम जेवण ठेवता येतं का?

येतं, फोमला थंड-गरम सारखंच. बिर्याणीचं पातेलं गॅसवरून थेट ठेवू नका, आतलं प्लास्टिक वाकतं. जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा, तीन-चार तास छान गरम राहते. फक्त एकाच बॉक्समध्ये एका बाजूला बिर्याणी आणि दुसऱ्या बाजूला ताक असं करू नका, विचारणारे आहेत म्हणून लिहिलं.

वास जात नाही, काय करू?

आधी कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मग खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून तासभर लावून ठेवा, धुवा, आणि झाकण उघडं ठेवून दिवसभर उन्हात. झाकणाच्या रबरी पट्टीखाली आणि बुचाच्या भोकात बघा, नव्वद टक्के वास तिथे दडलेला असतो, जुना टूथब्रश घाला. ओला बॉक्स झाकण लावून माळ्यावर टाकला तर दिवाळीला उघडाल तेव्हा आत काळी बुरशी.

परत देताना धुवून द्यायचा का?

नुसता गोड्या पाण्याने विसळून दिला तरी चालेल, साबणाचं आम्ही बघतो. चाकं मात्र नळाखाली नीट धरा. वाळू आणि खारं पाणी दांड्यात राहिलं की दोन आठवड्यांत गंज चढतो आणि चाक कुरकुरायला लागतं. आणि आत हात घालून एकदा तळ चाचपून बघा, आत्तापर्यंत आम्हाला परत आलेल्या बॉक्समध्ये चमचे, एक गॉगल, लिंबाची अर्धी फोड, तीन वेगवेगळ्या घरांच्या किल्ल्या आणि एकदा कवळी मिळालेली आहे. कवळी अजून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे, ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.